'पाण्यावर चालणारी' ज्वाला आणि भोसरीतली कोटिंग गन: हायड्रोजनचा खरा हिशोब

मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला मावसभावाने मला एक रील पाठवलं. एक माणूस फ्रिजएवढ्या मशीनमध्ये पाण्याची बाटली ओततो, बटण दाबतो, आणि हातातल्या टॉर्चमधून सुईसारखी बारीक ज्वाला निघते. ती विटेला लावली की वीट मेणासारखी वितळायला लागते. खाली जाड अक्षरात लिहिलंय, 'एलपीजी विसरा, पाण्यावर चालवा!' आणि त्याखाली भावाचा मेसेज: "दादा, आमचे शेठ हे मशीन घ्यायचं म्हणतायत. कोटिंगच्या गनला जोडायचंय. चालेल का?"

भाऊ आयटीआय करून भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या कोटिंग शॉपमध्ये लागलाय. दिवसभर तो ज्या गनपाशी उभा असतो, तिचा आवाज जेट विमानासारखा येतो. मी "नाही चालणार, झोप आता" असं टाइप करून फोन ठेवला. पण सकाळी वाटलं, शेठचा प्रश्न काही वेडगळ नाही. केंद्र सरकारने ४ जानेवारी २०२३ रोजी १९,७४४ कोटींचं राष्ट्रीय ग्रीन हायड्रोजन मिशन मंजूर केलं, महाराष्ट्राने त्याच वर्षी जुलैमध्ये स्वतःचं ग्रीन हायड्रोजन धोरण आणलं. शेठचा युरोपातला एक ग्राहक आता प्रत्येक ऑर्डरसोबत 'तुमच्या प्रक्रियेत कार्बन किती?' असा फॉर्म पाठवतो. अशा वेळी 'हायड्रोजन जाळा, धुराऐवजी फक्त वाफ' असं कुणी म्हणालं तर माणूस ऐकणारच. मशीनची किंमतही साधी नाही. शेठ त्यासाठी कर्ज काढायच्या बेतात होते.

म्हणून एका शनिवारी मी तिथे जाऊन आलो. वही, कॅल्क्युलेटर आणि भावाने दिलेले कानाचे मफ घेऊन.

आधी हे कोटिंग म्हणजे काय?

तुमच्या स्वयंपाकघरातला लाल सिलिंडर बघा. त्या लाल रंगाखाली झिंकचा एक पातळ थर असतो, गंज लागू नये म्हणून. तो ब्रशने लावलेला नसतो. वितळलेल्या झिंकचे थेंब हवेच्या जोराने फवारून तो चढवतात. कारखान्यात याला 'मेटलायझिंग' म्हणतात. म्हणजे कोटिंगची ही विद्या तुमच्या घरात आधीपासून आहे, फक्त रंगाखाली लपलेली.

कल्पना शंभर वर्षांहून जुनी. स्वित्झर्लंडमधल्या झुरिचच्या मॅक्स उलरिच शूप यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती आकाराला आणली. धातूची तार किंवा पावडर ज्वालेत घाला, ती वितळली की दाबाच्या हवेने समोरच्या वस्तूवर मारा. थेंब आदळतो, चपटा होतो, क्षणात गोठतो. त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. भाकरीवर भाकरी रचावी तसा थर तयार होतो.

हायड्रोजनची ज्वाला आणि पावडर ही जोडीही नवी नाही. १९०२ मध्ये फ्रान्सच्या ओग्यूस्त व्हेर्नुई यांनी ऑक्सिजन-हायड्रोजनच्या ज्वालेतून ॲल्युमिनाची पावडर खाली सोडून कृत्रिम माणिक बनवून दाखवलं. पुढे मनगटी घड्याळांत जे 'ज्वेल' मोजले जायचे, ते याच घराण्यातले. त्यांना स्फटिक वाढवायचा होता, कोटिंगवाल्यांना थर चढवायचा असतो, एवढाच फरक.

साध्या ज्वालेच्या फवाऱ्यात कण सेकंदाला साधारण ५० ते १०० मीटर वेगाने जातात. झिंकला तेवढं पुरतं. पण शाफ्ट, व्हॉल्व्ह, पंपाचे भाग, विमानाचा लँडिंग गिअर अशा झिजणाऱ्या गोष्टींवर टंग्स्टन कार्बाइडचा कडक थर हवा असेल तर तेवढ्या वेगात चढलेला थर जाळीदार होतो, सोलून निघतो. त्यावर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या जेम्स ब्राउनिंग यांच्या कामातून उत्तर आलं: 'हाय व्हेलॉसिटी ऑक्सी-फ्युएल', थोडक्यात एचव्हीओएफ. इंधन आणि ऑक्सिजन एका छोट्या बंदिस्त खोलीत दाबाखाली जाळायचे आणि गरम वायू नळीतून ध्वनीच्या कितीतरी पट वेगाने बाहेर सोडायचा. त्यात सोडलेली पावडर सेकंदाला ५०० ते ८०० मीटर वेगाने जॉबवर आदळते. थर इतका घट्ट बसतो की त्यातली छिद्रं एक टक्क्याच्याही खाली येतात. भावाच्या शॉपमध्ये हीच पद्धत आहे, एलपीजीवर चालणारी.

हे सगळं आपल्याशी किती जवळचं आहे, त्याचं एक उदाहरण देतो. हिमाचलमध्ये सतलजवर १,५०० मेगावॅटचा नाथपा झाकडी प्रकल्प आहे. हिमालयातल्या नद्या क्वार्ट्झची वाळू घेऊन येतात आणि ती वाळू टर्बाइनची पाती खाऊन टाकते, अक्षरशः सँडपेपरसारखी. तिथल्या पाण्याखालच्या भागांवर एचव्हीओएफने कार्बाइडचा थर देतात.

क्रोमची जागा कोण घेणार?

या विषयाला आत्ता जोर का आलाय, ते समजायला क्रोमकडे बघावं लागतं. शाफ्टला कडक, चकचकीत थर द्यायचा तर पिढ्यानपिढ्या एकच उपाय होता: हार्ड क्रोम प्लेटिंग. त्या टाकीतलं द्रावण सहा-संयुजी क्रोमियमचं असतं आणि ते कॅन्सरकारक आहे. युरोपियन युनियनमध्ये क्रोमियम ट्रायऑक्साइड विशेष परवानगीशिवाय वापरायला २१ सप्टेंबर २०१७ पासून बंदी आली. २०२५ च्या एप्रिलमध्ये तिथल्या रसायन संस्थेने आणखी व्यापक निर्बंधांचा प्रस्ताव मांडला. त्यामुळे प्लेटिंगकडून एचव्हीओएफकडे वळणारी कामं वाढली, आणि भोसरीतल्या एका शॉपला युरोपचा ग्राहक मिळाला.

इथे एक गंमत आहे. प्लेटिंगमध्ये हायड्रोजन कुणीच मागवत नाही, पण तो तयार होतो. टाकीत वीज सोडली की पाण्यातून हायड्रोजन सुटतो, थोडा स्टीलच्या आत शिरतो आणि मजबूत स्टीलला ठिसूळ करतो. म्हणून विमानाचे भाग प्लेटिंगनंतर तासन् तास भट्टीत ठेवून तो हायड्रोजन बाहेर काढावा लागतो. उलट एचव्हीओएफमध्ये शंभर टक्के हायड्रोजन इंधन वापरलं तरी तो जळून वाफ होतो, आणि जॉब त्या मानाने थंडच असतो. त्यामुळे ही भट्टीची कटकट उरत नाही. "हायड्रोजनने स्टील तडकतं ना?" असा प्रश्न शेठनी मला पहिल्याच पाच मिनिटांत विचारला होता. पाइपलाइन आणि सिलिंडरसाठी ती काळजी खरी आहे, कोटिंगच्या थरासाठी नाही.

मग गनमध्ये हायड्रोजन घालतात का? हो, घालतात

हे रीलवाल्याने शोधलेलं नाही. जगात वापरल्या जाणाऱ्या 'डायमंड जेट' या एचव्हीओएफ गनचं एक मॉडेल खास हायड्रोजनसाठी बनवलेलं आहे आणि त्याचं भावंड प्रोपेन, प्रोपिलीन, नैसर्गिक वायू यांच्यासाठी. दोघांचे आतले भाग वेगळे असतात. म्हणजे एलपीजीच्या गनची नळी काढून हायड्रोजनची लावली आणि झालं, असं होत नाही. शेठच्या बेतातली पहिली फट इथेच दिसली.

हायड्रोजन का वापरतात? सर्वांत गरम म्हणून नाही. ऑक्सिजनबरोबर ॲसिटिलीनची ज्वाला ३,१०० अंशांच्या वर जाते, प्रोपेनची २,८०० च्या थोडी वर, आणि हायड्रोजनची २,७०० ते २,८०० च्या दरम्यान. 'हायड्रोजन म्हणजे सगळ्यात जास्त ऊर्जा' हे वाक्य तुम्ही शंभर वेळा ऐकलं असेल. ते वजनाच्या हिशोबात खरं आहे: एका किलोत सुमारे १२० मेगाज्यूल, म्हणजे एलपीजीच्या अडीचपट. पण गनला वायू किलोने जात नाही, नळीतून लिटरने जातो. लिटरच्या हिशोबात हायड्रोजन गरीब आहे, प्रोपेनच्या साधारण आठव्या-नवव्या हिश्श्याइतकाच.

आता ॲसिटिलीन एवढा गरम, मग तोच का नाही? कारण त्या रेणूच्या बंधातच ताण भरून ठेवलेला असतो, दाबलेल्या स्प्रिंगसारखा. म्हणून तो जास्त उष्णता देतो, आणि म्हणूनच नळीतला दाब साधारण एक बारच्या वर नेला की ऑक्सिजनशिवायही फुटू शकतो. एचव्हीओएफला तर इंधन कितीतरी जास्त दाबाने लागतं. हायड्रोजनला दाबाची भीती नाही. पाण्याखाली लोखंड कापणारे पाणबुडेही खोलीवर याच कारणामुळे ॲसिटिलीन सोडून हायड्रोजन घ्यायचे.

शिवाय त्यात कार्बन नाही, त्यामुळे काजळी नाही, नळीच्या तोंडाशी जाळी धरत नाही. जळून तयार होणारी वाफ हलकी असते आणि हलका वायू त्याच तापमानाला जास्त वेगाने बाहेर पडतो. इस्रोचं क्रायोजेनिक इंजिन हायड्रोजन-ऑक्सिजनवर चालतं त्यामागेही हेच गणित. पण इथे एक 'पण' आहेच. हलका वारा स्वतः जोरात पळतो, कणाला मात्र तितक्या जोरात ढकलत नाही. सायकलवर असताना समोरून आलेली वाऱ्याची झुळूक आणि तेवढ्याच वेगाने आलेली पाण्याची धार, यात तुम्हाला मागे कोण ढकलेल? म्हणून जास्त दाबावर चालणाऱ्या रॉकेलच्या एचव्हीओएफ गन आजही कार्बाइडच्या कामात हायड्रोजनला टक्कर देतात, अनेकदा मागे टाकतात. आपण ज्याला घासलेट म्हणतो त्याच घराण्यातलं, फक्त शुद्ध.

माझं मत विचाराल तर तांत्रिकदृष्ट्या हायड्रोजन हे चांगलं, स्वच्छ, सांभाळून वापरायचं इंधन आहे. चमत्कार नाही.

दहा मिनिटांचा सिलिंडर

आता वहीतला हिशोब. हायड्रोजनवर चालणारी एचव्हीओएफ गन मिनिटाला साधारण ६५० लिटर हायड्रोजन खाते. बाजारात मिळणाऱ्या उंच लाल सिलिंडरमध्ये साधारण ७ घनमीटर, म्हणजे ७,००० लिटर वायू असतो. भागाकार करा. जेमतेम अकरा मिनिटं.

त्या पन्नास-साठ किलोच्या लोखंडी सिलिंडरमध्ये हायड्रोजन असतो सुमारे ६०० ग्रॅम. म्हणजे आपण ट्रकमधून मुख्यतः लोखंडच इकडून तिकडे नेतो. मोठ्या रोलवर थर चढवायला दोन-तीन तास सलग गन चालवावी लागते, मध्ये थांबलं तर थर बिघडतो. म्हणून हायड्रोजन वापरणारे शॉप एकेक सिलिंडर आणत नाहीत. ते अनेक सिलिंडर एकत्र जोडलेली चौकट किंवा लांब नळकांड्यांचा ट्रेलरच दारात उभा करतात. भोसरीच्या त्या गल्लीत टेम्पो वळवताना ड्रायव्हर खाली उतरून बघतो. ट्रेलरचं नावच सोडा.

आणि पाण्याचं मशीन? रीलखालच्या जाहिरातीत क्षमता लिहिलेली होती: तासाला १,००० लिटर वायू. हा पाण्याचं विघटन करून मिळालेला मिश्र वायू, म्हणजे दोन भाग हायड्रोजन आणि एक भाग ऑक्सिजन. त्यात हायड्रोजन तासाला साधारण ६६७ लिटर, म्हणजे मिनिटाला ११ लिटर. गनला हवेत ६५०. साठ मशीनं लावावी लागतील!

भावाने हे ऐकून माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याचा मोबाइल पाण्यात टाकलाय. "पण वीट वितळली ना दादा?" वितळली, खरीच वितळली. सोनाराच्या दुकानात अशी छोटी मशीनं बारीक डाग लावायला वापरतात आणि तिथे ती छान चालतात. सुईएवढ्या ज्वालेत तापमान भरपूर असतं, पण उष्णतेचा साठा इवलासा. उदबत्तीचं टोकही चांगलंच तापलेलं असतं, म्हणून तिच्यावर कुणी भात शिजवत नाही.

मुळात 'पाण्यावर चालतं' हेच खोटं. पाणी म्हणजे हायड्रोजन आधीच जळून उरलेली राख. राखेतून परत लाकूड बनवायचं तर जळताना जेवढी ऊर्जा सुटली त्याहून जास्त आत घालावी लागते. मशीन पाण्यावर नाही, महावितरणच्या मीटरवर चालतं.

दुसरी गोष्ट मला जास्त घाबरवणारी वाटली. त्या मशीनच्या नळीत हायड्रोजन आणि ऑक्सिजन आधीच मिसळलेले असतात, पेटायला तयार. हायड्रोजनची ज्वाला हवेतही मिथेनच्या सात-आठ पट वेगाने पसरते, शुद्ध ऑक्सिजनात तर त्याहून कितीतरी जास्त. ती नळीतून मागे धावली तर मध्ये थांबवायला फक्त एक छोटा अडथळा असतो. मोठ्या गनमध्ये दोन्ही वायू वेगळ्या नळ्यांनी येऊन अगदी शेवटी मिसळतात, ते याचसाठी. मिश्र वायूचं मशीन आणि एचव्हीओएफ गन ही जोडी जमवायचा विचारही नको.

कार्बनचा फॉर्म कसा भरायचा?

शेठचा खरा प्रश्न युरोपच्या फॉर्मचा होता. तो हिशोब आम्ही चहा घेत मांडला.

मिनिटाला ६५० लिटर म्हणजे तासाला सुमारे साडेतीन किलो हायड्रोजन. तेवढीच उष्णता एलपीजीतून हवी असेल तर लागतात सुमारे ९ किलो, आणि त्यातून निघतो जवळपास २७ किलो कार्बन डायऑक्साइड. हा आपला आजचा आकडा, गनच्या तोंडाशी मोजलेला.

आता हायड्रोजन. गनच्या तोंडाशी शून्य! पण तो आला कुठून? आज सिलिंडरमध्ये येणारा बराचसा हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून बनतो आणि एका किलोमागे कारखान्यात सुमारे १० किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. साडेतीन किलोला ३५. म्हणजे एलपीजीपेक्षा जास्त. धूर भोसरीतून निघाला नाही, दुसऱ्या गावच्या चिमणीतून निघाला, एवढंच. काही सिलिंडर रसायन कारखान्यांत सह-उत्पादन म्हणून निघणाऱ्या हायड्रोजनचे असतात, त्यांचा हिशोब बरा असतो. म्हणून पुरवठादाराला 'हा कशापासून बनला?' हे विचारल्याशिवाय फॉर्ममध्ये शून्य लिहिणं म्हणजे ग्राहकाला फसवणं.

बरं, वीज वापरून स्वतः बनवला तर? एक किलो हायड्रोजनला ५० ते ५५ युनिट वीज लागते. साडेतीन किलोला पावणेदोनशेच्या वर. आपल्या देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो, कारण कोळसा. गुणाकार केला तर तासाला सव्वाशे किलोच्या आसपास. एलपीजीच्या साडेचार पट! युनिटला ९ रुपये धरले तर तासाची वीज सोळाशे रुपयांची, आणि त्यात गन नाही, पावडर नाही, माणसाचा पगार नाही. शेठनी इथे चहाचा कप खाली ठेवला.

खरा ग्रीन हायड्रोजन मात्र चित्र पालटतो. सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये व्याख्या ठरवली: एका किलोमागे २ किलोपर्यंतच कार्बन डायऑक्साइड चालेल. साडेतीन किलोला सात. म्हणजे २७ वरून ७ वर. फायदा आहे, नक्की आहे. पण २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन ग्रीन हायड्रोजनचं जे लक्ष्य आहे, तो सगळा आधी कुठे जायला हवा? देशातला बहुतेक हायड्रोजन रिफायनऱ्या आणि खतांचे कारखाने वापरतात. त्यांना हायड्रोजनला पर्यायच नाही, ते तो जाळत नाहीत, रसायन म्हणून वापरतात. कोटिंग गनला पर्याय आहेत. मला विचाराल तर रांगेत आपली गन बरीच मागे उभी राहायला हवी, आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

उलट फॉर्ममध्ये आकडा कमी करायचा मोठा मार्ग बूथच्या जमिनीवर पडलेला होता. अक्षरशः. एचव्हीओएफमध्ये फवारलेल्या कार्बाइड पावडरपैकी साधारण निम्मीच जॉबवर चिकटते. बाकीची उडून डस्ट कलेक्टरमध्ये जाते. ती पावडर टंग्स्टनची. चीनने ४ फेब्रुवारी २०२५ रोजी टंग्स्टनच्या निर्यातीवर नियंत्रणं आणली, आणि जगात सर्वांत जास्त टंग्स्टन तिथूनच येतं. शेठना भावाची झळ बसलेली होती. गनचं अंतर, जॉबच्या फिरण्याचा वेग, पावडरचा प्रवाह, कडेला पोचल्यावर फवारा कुठे थांबवायचा, एवढं नीट बसवून शंभरातले पाच-सात कण जास्त चिकटले, तर पैसे वाचतात आणि ती पावडर खाणीतून काढून, दळून, इथवर आणायची ऊर्जाही वाचते. भावाने लगेच सांगितलं की एका जॉबवर फवारा कडेच्या बाहेर वीतभर जातो, आणि हे तो सहा महिने सांगतोय. शेठ माझ्याकडे बघत राहिले, त्याच्याकडे नाही.

छताकडे बघा

निघताना मी बूथच्या भिंती पाहिल्या. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीवर पसरतो. म्हणून गळती ओळखणारा सेन्सर गुडघ्याच्या उंचीवर आणि हवा खेचणारी जाळी फरशीलगत. अगदी बरोबर बसवलेलं. आता तिथे हायड्रोजन आणा. तो हवेच्या चौदाव्या हिश्श्याइतका हलका. सरळ वर जातो आणि पत्र्याखालच्या कोपऱ्यात साठतो. खालचा सेन्सर शांत बसून राहील. हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात तो पेटतो, आणि पेटवायला लागणारी ठिणगी इतकी छोटी की स्वेटर काढताना होणारी चटचटही पुरेल.

त्याला वासही नाही. घरच्या गॅसमध्ये मुद्दाम घातलेला दुर्गंध असतो म्हणून आपण नाक मुरडून खिडकी उघडतो, इथे ती सोय नाही. आणि ज्वाला दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. अमेरिकेच्या अवकाश कार्यक्रमात हायड्रोजन हाताळणारे लोक संशयाच्या जागी झाडू पुढे धरून चालायचे. झाडू पेटला की कळायचं, आग इथे आहे. गन चालू असताना पावडरमुळे झोत लखलखीत दिसतो. धोका असतो तो एखाद्या सांध्यातून गळून पेटलेल्या छोट्या ज्वालेचा, जिच्यातून भाऊ हात घालून व्हॉल्व्ह बंद करायला जाईल.

हे सगळं सांभाळता येतं. जगभर शॉप ते रोज सांभाळतात: छताजवळ सेन्सर, वर उघडा वायुमार्ग, प्रत्येक नळीवर ज्वाला मागे येऊ न देणारा अरेस्टर, उलट्या आट्यांचे सांधे, आणि साठ्याला नागपूरला मुख्यालय असलेल्या 'पेसो'चा परवाना. पण हे सगळं आधी, हायड्रोजन नंतर. रीलमध्ये यातलं काहीच नव्हतं, टॉर्च धरणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्मासुद्धा नव्हता.

शेठनी कर्जाचा अर्ज सध्या बाजूला ठेवलाय. युरोपच्या फॉर्ममध्ये त्यांनी इंधनाच्या रकान्यात एलपीजी लिहिलं, तासाचे किलो लिहिले, आणि खाली पावडर वाचवण्याचा बेत तीन ओळींत मांडला. जॉबच्या कडेला फवारा थांबवायचा नवा प्रोग्रॅम भावाने बुधवारी लावला. आणि हो, शेठनी मशीनवाल्याला व्हॉट्सॲपवर एकच प्रश्न पाठवला होता: "मिनिटाला हायड्रोजन किती लिटर?" त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. एक नवं रील मात्र आलंय. यावेळी फरशी वितळतेय.